मंडळाचा चिटणीस

पावसाळ्याच्या तोंडावर महाविद्यालये सुरू झाली की तेथील सूचनाफलकावर निरनिराळ्या मंडळांची पत्रके झळकू लागतात. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, नाट्य मंडळ, छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना. नव्याने आलेली मुले-मुली त्या फलकापुढे क्षणभर रेंगाळतात आणि त्यांतली बहुतेक पुढे निघून जातात. 'आधी अभ्यास, मग बाकीचे,' असे घरून बजावलेले असते. हा उपदेश चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. चार माणसांना बरोबर घेऊन एखादे काम तडीस नेणे हेही एक शिक्षण आहे. ते क्रमिक पुस्तकात सापडत नाही, आणि पुढे आयुष्यात त्याच्यावाचून पावलोपावली अडते.

नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठ उभे राहते आणि त्यावर हातवारे करून बोलणारा वक्ता. वक्तृत्व ही कला खरीच. स्पर्धेत ढाल जिंकणाऱ्याचे कौतुकही व्हावे. परंतु सभा ज्याच्यामुळे पार पडते तो पुष्कळदा व्यासपीठावर नसतोच. तो असतो मंडळाचा चिटणीस. सभेची सूचना वेळेवर लावणे, पाहुण्यांना पत्र धाडणे, गणसंख्या पुरी होते की नाही ते पाहणे आणि सभा संपल्यावर इतिवृत्त लिहिणे ही त्याची कामे. यांतले शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. इतिवृत्त लिहिणाऱ्याला स्वतःचे मत बाजूला ठेवून दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकावे लागते. आपल्याला न पटलेला ठरावही, तो बहुमताने संमत झाला असेल तर, जसाच्या तसा लिहावा लागतो. पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचून दाखवले की कोणीतरी उठून म्हणतो, 'मी असे म्हणालो नव्हतो.' मग दुरुस्ती करावी लागते. ज्याने दोन वर्षे हे काम निष्ठेने केले, त्याला विरोधी मताचा आदर म्हणजे काय यावर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

हीच गोष्ट खजिनदाराची. स्नेहसंमेलनाची वर्गणी गोळा होते, मांडवाचे, दिव्यांचे, अल्पोपाहाराचे पैसे द्यावे लागतात. रक्कम फार मोठी नसते. पण ती दुसऱ्यांची असते. प्रत्येक खर्चाची पावती ठेवणे, रोजच्या रोज वहीत नोंद करणे आणि शेवटी जमाखर्च सर्वांसमोर मांडणे ही सवय विसाव्या वर्षी लागली तर ती पन्नासाव्या वर्षीही सुटत नाही. त्या वयात 'मित्रच तर आहेत, हिशेब कसला मागतात?' असे म्हणण्याची सवय लागली, तर तीही सहसा सुटत नाही. पुढे पतपेढ्या, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती चालवणारी माणसे यांच्यातूनच यायची असतात, हे आपण विसरू नये.

आता थोडे अडचणीविषयी. मंडळांची सभा बहुधा तास संपल्यावर, संध्याकाळी ठेवतात. शहरात राहणाऱ्या मुलांना ते सोयीचे असते. परंतु ज्या मुलीला शेवटची बस गाठून गावी परतायचे आहे, किंवा ज्या मुलाला संध्याकाळी दुकानात काम करून फीचे पैसे जमवायचे आहेत, त्यांनी काय करावे? त्यांना कोणी 'येऊ नका' असे म्हणत नाही. सभेची वेळच ते म्हणून टाकते. मग मंडळ ठरावीक दहा जणांचे होऊन बसते. स्वागत आणि रांगोळी मुलींकडे, ध्वनिक्षेपक आणि हिशेब मुलांकडे, अशी वाटणीही कोणी न ठरवता होऊन जाते. जो चिटणीस ही गोष्ट हेरतो, सभा मधल्या सुटीत घेतो आणि मागल्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीला खजिनदार होण्याची विनंती करतो, त्याने नेतृत्वाचा मोठा धडा गिरवला असे मी समजतो. न आलेल्यांची आठवण ठेवणे हा तो धडा.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी मंडळींना आणखी एक संधी आहे. बेळगावात काय, हैदराबादेत काय, वर्गात शेजारी बसणाऱ्याची मातृभाषा निराळी असते. १९३८ साली हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. त्यावर बंदी आली, संप झाला आणि शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षण सोडून बाहेर पडावे लागले. त्या लढ्यात औरंगाबादचे विद्यार्थीही होते. तेलुगू, मराठी, कानडी असा भेद त्यात राहिला नाही. नागपूर विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्या विद्यापीठाचे दार उघडले. पुढे १९९१ साली देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पुढे होणाऱ्याला आपल्या निर्णयाची किंमत स्वतः मोजावी लागते; आणि तरुणांच्या धैर्याला वडीलधाऱ्या संस्थेचा आधार मिळाला नाही, तर ते धैर्य वाया जाण्याचा धोका असतो.

असे प्रसंग रोज येत नाहीत, आणि येऊही नयेत. रोजच्या कामासाठी आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या शिबिरात भाग घ्यावा, असा तिचा नियम आहे. 'मी नव्हे, तुम्ही' या आशयाचे तिचे बोधवाक्य आहे. आता काही विद्यार्थी केवळ प्रमाणपत्रासाठी तास भरतात, हे खरे. परंतु सात दिवस एका खेड्यात राहून, पहाटे उठून पाणी भरणे, पन्नास जणांचा स्वयंपाक वेळेवर उरकणे आणि श्रमदानाला कंटाळलेल्या सोबत्याला न दुखवता कामाला लावणे ज्याने केले, त्याच्या हाती प्रमाणपत्रापेक्षा अधिक काही पडलेले असते.

निवडणुकांचा प्रश्न नाजूक आहे. पैसा आणि दांडगाई शिरल्यामुळे विद्यार्थ्यांच्या निवडणुका बदनाम झाल्या. म्हणूनच लिंगडोह समितीच्या शिफारशींचे पालन व्हावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के असावी, खर्च ५,००० रुपयांपलीकडे जाऊ नये, छापील भित्तिपत्रके न लावता हाताने तयार केलेलीच लावावीत, आणि पदाधिकारी होण्याची संधी एकदाच मिळावी, असे त्या शिफारशी सांगतात. यांतली अखेरची अट मला फार आवडते. पद मिळवणे सर्वांनाच शिकायचे असते. पद सोडणे कोणी शिकवत नाही. वर्षअखेर आपली वही, किल्ल्या, उरलेली शिल्लक आणि अर्धवट कामांची यादी नव्या चिटणिसाच्या हाती देऊन, मागाहून त्याच्या कारभारात लुडबूड न करणे ही नेतृत्वाची अवघड परीक्षा आहे.

तेव्हा पालकांना माझी विनंती अशी की, मुलाने एखाद्या मंडळाचे काम अंगावर घेतले तर त्याला लगेच रागे भरू नये. अभ्यासाचे वेळापत्रक सांभाळून ते कसे करशील, एवढेच विचारावे. प्राध्यापकांनी मार्गदर्शन जरूर करावे, परंतु मुलांच्या वतीने सगळेच काम स्वतः उरकू नये. थोडा गोंधळ झाला तरी चालेल. तो निस्तरतानाच मुले शिकतात. आणि विद्यार्थी मित्रांनो, अनेक मंडळांत नाव घालण्यापेक्षा एकच मंडळ निवडा आणि त्यात दोन वर्षे टिकून राहा. मोठे पद मिळाले नाही तरी बिघडत नाही. सतरंज्या घालण्याचे काम मिळाले तर त्या सरळ घाला, आणि सभा संपल्यावर त्या उचलायला थांबा. कोण थांबले ते सोबत्यांच्या लक्षात राहते, आणि पुढल्या वर्षी चिटणीस निवडताना त्यांना ते आठवते.