आधी आवड सांगा, मग सिनेमा

१९९५च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, पण आज बोलणार आहे सिनेमाच्या परीक्षणांबद्दल. परीक्षण निःपक्षपाती हवं, असं आपण म्हणतो. मला मात्र लिहिणाऱ्याची आवडनिवड दिसते ते परीक्षण जास्त उपयोगी वाटतं.

आपण दहावीत असताना, ऑगस्ट १९९४मध्ये ‘हम आपके हैं कौन’ लागला. माझ्या बाकावरची मैत्रीण नाक मुरडून म्हणाली, ‘‘१४ गाणी! सिनेमा आहे की लग्नाची कॅसेट?’’ मी त्याच रविवारी घरच्यांना घेऊन गेले. तिला खटकतं तेच मला आवडतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. इतकी भरवशाची समीक्षक मला पुन्हा भेटली नाही.

पुढे माझ्या क्षेत्रातही हेच दिसलं. कोणता प्रेक्षक कोणत्या सिनेमाला किती तारे देईल, हा आपला अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवणाऱ्याला नेटफ्लिक्सने २००६मध्ये १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं. २००९मध्ये ते दिलं गेलं. जिंकलेल्या पद्धतीत एक महत्त्वाचा भाग होता प्रत्येक प्रेक्षकाचा कल मोजण्याचा: कोण हात आखडून तारे देतो आणि कोण सढळ हाताने. आपल्याला हे शाळेतच कळलं होतं. कडक बाईंचे ६० म्हणजे इतरांचे ७५! कल पुसून टाकायचा नसतो, ओळखायचा असतो.

तो ओळखता आला नाही की काय होतं, तेही सांगते. २००४मध्ये ‘श्वास’ आला. राष्ट्रीय पुरस्कार, सगळीकडे कौतुक. बाबांना कॅन्सरने जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आईला जरा बाहेर काढावं म्हणून मी तिला घेऊन गेले. डोळे काढल्याशिवाय नातू वाचणार नाही, हे आजोबांना कळतं तिथे आई उठली. मला ती थिएटरच्या पायऱ्यांवर बसलेली सापडली. एवढंच म्हणाली, ‘‘मला परत दवाखान्यात कशाला आणलंस गं?’’

सिनेमा उत्तमच होता. परीक्षणंही खोटी नव्हती. पण मी वाचलेल्यांपैकी एकातही ‘आमच्या घरी असं आजारपण झालंय, मला हे बघवलं नाही’ अशी ओळ नव्हती. ती असती, तर मी थांबले असते.

निर्मात्याशी लागेबांधे ठेवून केलेली स्तुती वेगळी, ती फसवणूकच. पण आपली आवड, आपलं दुखणं उघड सांगणं हा प्रामाणिकपणा आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या ग्रुपवर नुसतं ‘जरूर बघा’ टाकू नका. कोणाबरोबर पाहिलात आणि कुठे डोळे भरले, कुठे कंटाळलात, तेही लिहा.

आणि माझी ती मैत्रीण आज समोरच बसली आहे. बाई गं, तुला न आवडलेल्या सिनेमांची यादी मला जेवणाच्या वेळी दे!