पैसा ज्याचा, प्रश्न त्याचा



मोर्च्यासाठी मुंबईला जाताना दादर यायच्या आधी माटुंगा लागते. तिथे कापसाची सरकारी प्रयोगशाळा आहे, 1924 सालची. तिला पैसा कुठून आला, हे आपल्याला माहीत हवे.

1923 साली इंग्रज सरकारने कापूस सेसचा कायदा केला. गिरणीत गेलेल्या किंवा परदेशी धाडलेल्या दर गाठीमागे पहिली 3 वर्षे 4 आणे, पुढे 2 आणे. भरणा गिरणीवाले आणि निर्यातदार करीत. पण व्यापारी आपला बोजा कोणाच्या डोक्यावर देतो, हे तुम्हाला सांगायला नको. पैसा कापसाच्या भावातूनच गेला.

तो खर्च करणाऱ्या मध्यवर्ती कापूस समितीवर शेतकऱ्यांच्या नावाने काही माणसे होती. वजन मात्र गिरण्यांचे, व्यापाऱ्यांचे आणि सरकारी खात्यांचे. समितीने बियाण्यावर, मर रोगावरही खर्च केला, हे खरे. पण माटुंग्यातला प्रश्न परळ-लालबागच्या गिरण्यांचा होता: या कापसाचे किती नंबरचे सूत निघेल? शेतकऱ्याच्या हाती काय उरले, हे मोजणारे यंत्र तिथे नव्हते.

1966 साली समिती मोडली. प्रयोगशाळा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेली, पैसा केंद्राच्या तिजोरीतून येऊ लागला. पुढे तिथेच पऱ्हाटीपासून फळ्या करण्याचे संशोधन झाले. थैली बदलली, तसे प्रश्नही बदलले.

ज्वारीला तर गिरणीच नव्हती. देशात धान्याची टंचाई झाली, तेव्हा सरकारचा आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा आला आणि 1964 साली सीएसएच-1 ही संकरित ज्वारी निघाली. शहराला दाणा हवा होता, दाणा वाढला. ताट बुटके झाले, कडबा घटला. बैलाच्या वतीने कोणी पैसे भरले नव्हते.

2002 साली बीटी कापूस आला तो कंपनीच्या पैशाने. म्हणून संकरित वाणातच आला आणि बी दरवर्षी विकत घेणे आले. आपण तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. कंपनीने नफा पाहणे हाही गुन्हा नाही. पण घरचे बी राखता येईल असे कोरडवाहूचे वाण कंपनी कशाला काढील? ते काम सरकारी पैशाचे, म्हणजे आपल्याच पैशाचे.

तेव्हा अकोला, परभणी, राहुरीच्या कृषी विद्यापीठांना लेखी विचारा: यंदा कोणत्या प्रयोगाला किती पैसा, तो कोणाचा, आणि त्यात कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न कोणता? शास्त्रज्ञाला शिव्या देऊन काही होणार नाही. हिशोब मागा.