गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि जनुकीय उपचार



गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रामुख्याने मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ व १८ हे प्रकार कारणीभूत असतात. या विषाणूची ई-६ व ई-७ ही प्रथिने पेशींच्या अनिर्बंध वाढीस आळा घालणाऱ्या पी-५३ व आरबी या प्रथिनांना निष्प्रभ करतात. ई-६ व ई-७ यांची जनुके निष्क्रिय करणे, हे जनुकीय उपचाराचे एक प्रमुख उद्दिष्ट होय. मात्र उपचारक घटक प्रत्येक रोगग्रस्त पेशीपर्यंत पोहोचविणे दुष्कर आहे. अंडाशयाच्या कर्करोगात पी-५३ जनुक देण्याची मोठी चाचणी अपेक्षित लाभाअभावी थांबवावी लागली.

म्हणून प्रतिबंधाचे महत्त्व अधिक. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही स्वदेशी लस २०२३ मध्ये उपलब्ध झाली. उद्याच्या उपचाराच्या प्रतीक्षेत आजची लस व नियमित तपासणी उपेक्षित राहता कामा नये.