दप्तराचे ओझे कोणाचे?



‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण सगळेच जाणतो. थांबायला आपली ना नसते. आज ना उद्या काम होईल, एवढी आशा असते. पण कधी कधी कचेरीतून दोनच ओळींचे उत्तर येते : ‘आपण मागितलेली माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ म्हणजे कागद आहेत, कचेरीतच आहेत, गुप्तही नाहीत. पण फार आहेत म्हणून मिळायचे नाहीत! असे उत्तर कायद्याला धरून आहे काय, आणि ते हाती आले तर आपण काय करावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, सिंदी (रेल्वे) येथे एक मुलगी बारावी झाली. पुढच्या प्रवेशासाठी तिला जातवैधता प्रमाणपत्र हवे आहे. समितीपुढे जुना पुरावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० च्या, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ च्या आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ च्या आधीची नोंद मोलाची ठरते. आता इतका जुना कागद गरिबाच्या घरी कोठून असणार? पण मुलीचे आजोबा चौथीपर्यंत शिकले होते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांचे नाव, जन्मतारीख आणि जात लिहिलेली असणार. ती एक ओळ नातीच्या शिक्षणाचे दार उघडू शकते.

आजोबा नक्की कोणत्या साली शाळेत होते, हे मुलीच्या बापाला ठाऊक नाही. कोणी तरी सांगते, ‘माहितीच्या अधिकारात टाक ना अर्ज!’ तो लिहितो : ‘शाळा निघाल्यापासूनच्या सर्व दाखल-खारीज रजिस्टरांच्या नकला द्याव्या.’ शाळेत शिक्षक तीन, लिपिक नाही. जुनी रजिस्टरे कपाटाच्या तळाशी, आणि काहींची पाने हात लावताच तुटणारी. मुख्याध्यापक उत्तर देतात, ‘माहिती विस्तृत आहे, देता येत नाही.’ बाप घरी येतो. ‘काहून नाही म्हणते गुरुजी?’ असे बायको विचारते, तेव्हा त्याच्यापाशी उत्तर नसते. इकडे प्रवेशाची मुदत सरत चाललेली असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्राचा स्वतःचा माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ चा. त्याच्या अंमलासाठी श्री. अण्णा हजारे यांनी २००३ च्या ऑगस्टमध्ये उपोषण केले होते. पुढे सबंध देशासाठी माहितीचा अधिकार अधिनियम झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे अमलात आला. या कायद्यात नकाराची कारणे मोजून सांगितली आहेत. मुख्यतः ती कलम ८ आणि ९ मध्ये आहेत. देशाची सुरक्षितता, चालू तपासाला येणारी बाधा, दुसऱ्याची व्यक्तिगत माहिती, अशी ती कारणे. त्या यादीत ‘काम फार पडते’ हे कारण कोठेही नाही.

मग कचेऱ्या बोट कशावर ठेवतात? कलम ७ च्या पोटकलम ९ वर. त्याचा अर्थ असा की, माहिती साधारणपणे ज्या रूपात मागितली त्याच रूपात द्यावी. मात्र तसे करताना कचेरीची साधने प्रमाणाबाहेर खर्ची पडत असतील, किंवा मूळ कागदाला धोका पोचत असेल, तर तेच रूप धरून बसण्याचे बंधन नाही. येथे सूट मिळाली ती रूपापुरती. नकला देणे जड जाते, तर कागद पाहू द्यावेत; पान जीर्ण झाले आहे, तर छायाचित्र द्यावे.

आपल्या व्यवहारातला दाखला देतो. एकाने तुमच्याकडून दहा पोती तूर विकत घेतली, पैसेही मोजले, आणि म्हणाला, ‘घरपोच पाठवा.’ तुमची बैलजोडी मोकळी नाही. तुम्ही म्हणाल, ‘भाऊ, खळ्यावर या आणि घेऊन जा.’ हे रास्त झाले. पण ‘तूर फार आहे, म्हणून देत नाही,’ असे म्हटले तर गावात तुमची पत राहील काय? कचेरीतले कागदही लोकांच्याच पैशाने तयार झालेले असतात.

न्यायालयांनीही हाच अर्थ सांगितला आहे. टपाल खात्यातील परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा एक खटला केरळ उच्च न्यायालयापुढे आला होता. २०१० साली त्या न्यायालयाने स्पष्ट केले की, कलम ७(९) हे माहिती रोखून धरण्याचे साधन नाही. रूप बदलून देण्यापुरतीच मोकळीक त्यात आहे. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. २०११ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात विद्यार्थ्यांना स्वतःच्या उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला. त्याच निकालात असेही बजावले की, सरसकट आणि अव्यवहार्य मागण्यांमुळे पाऊणशे टक्के नोकरवर्गाचा पाऊणशे टक्के वेळ माहिती गोळा करण्यात जावा, हे देशाला परवडणारे नाही. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

काही देशांनी यावर वेगळा तोडगा काढला आहे. ब्रिटनच्या २००० सालच्या कायद्यात खर्चाची मर्यादा आहे. माहिती शोधण्याचा खर्च केंद्रीय खात्यांत ६०० पौंडांच्या आणि इतर संस्थांत ४५० पौंडांच्या वर जात असेल, तर नकार देता येतो. तासाला २५ पौंड धरले, तर हे २४ तासांचे आणि १८ तासांचे काम झाले. आपल्या संसदेने अशी मर्यादा घातली नाही. म्हणून तिकडचा नियम इकडच्या कचेरीत चालवता येत नाही.

गुरुजनहो, आता तुमच्या बाजूने पाहू. अनुदानित शाळेत जन माहिती अधिकाऱ्याचे काम बहुधा मुख्याध्यापकाकडे किंवा मुख्य लिपिकाकडे येते. शिकवणे आहे, पोषण आहाराचा हिशोब आहे, निवडणुकीचे काम आहे, त्यात हा अर्ज! तुमची तारांबळ खरी आहे. पण ‘देता येत नाही’ लिहायला जेवढी शाई लागते, तेवढ्याच शाईत हेही लिहिता येईल : ‘आजोबांचे पूर्ण नाव आणि शाळेत असल्याचा अंदाजे काळ कळवा, अमुक दिवशी अमुक वेळी या, त्या काळातील नोंदी तुमच्यासमोर शोधू आणि हवी त्या ओळीची साक्षांकित नक्कल देऊ.’ अर्जदाराला वाजवी साहाय्य करणे हे कलम ५ प्रमाणे तुमचे कर्तव्यच आहे. असे केल्याने तुमचा वेळ वाचतो, इतर मुलांच्या व्यक्तिगत नोंदी बाहेर जात नाहीत, आणि त्या मुलीचे काम होते.

आणि एक गोष्ट. ओझे पुष्कळदा अर्जाचे नसतेच, विस्कटलेल्या दप्तराचे असते. कलम ४ ने प्रत्येक कचेरीवर कागद सूचीबद्ध करून ठेवण्याचे बंधन घातले आहे. रजिस्टरांवर साल घातले, कोणते कोणत्या फळीवर आहे याची एक यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, तर ज्या शोधाला चार दिवस लागतात तो तासाभरात होतो. दाखल-खारीज रजिस्टर कायम जपायचे असते. सुटीत दोन दिवस काढून ही यादी कराच.

आता अर्ज करणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारणतः १५० शब्दांत मांडावा, असा २०१२ पासूनचा नियम आहे. अर्जाला १० रुपये, आणि नकलेला पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही. ‘सर्व’, ‘आजपर्यंतचे’, ‘संपूर्ण’ हे शब्द टाळा. नाव, साल, ठिकाण लिहा. साल ठाऊक नसेल तर ‘१९४० ते १९५० या काळातील रजिस्टरे पाहावयाची आहेत,’ असे लिहा. कागद पाहण्याचा आणि त्यातून टिपणे घेण्याचा हक्क कायद्यातच आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने जिल्हा पातळीवरील कचेऱ्यांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात लोकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे परिपत्रकही काढले. ‘का केले?’ असे विचारू नका; मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली सांगितले आहे की, कारणमीमांसा मागणे हे माहितीत बसत नाही. ज्या कागदावर निर्णय झाला तो कागद मागा.

सिंदीकरांनी आणखी एक सांभाळावे. आपल्याच जिल्ह्यात वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) आहे. तेव्हा गावाचे नाव कंसासकट लिहा. नळाचा, रस्त्याचा, घरकराचा कागद नगर परिषदेत. पण स्टेशनाच्या हद्दीतला कागद मध्य रेल्वेकडे, म्हणजे केंद्राकडे. अर्ज चुकीच्या दारी गेलाच, तर त्या कचेरीने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा, असे कलम ६ सांगते.

एवढे करूनही ‘विस्तृत आहे’ हेच उत्तर आले, तर खचू नका. ३० दिवसांच्या आत त्याच संस्थेतील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करा. तेथे न्याय मिळाला नाही, तर ९० दिवसांच्या आत दुसरे अपील करा. वर्धा जिल्ह्यासाठी ते राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते. रेल्वेच्या बाबतीत दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे. अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असते, तुमच्यावर नव्हे. विनाकारण अडवणूक केल्याचे ठरले, तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड त्या अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. मात्र अपिलाला वेळ लागतो, आणि प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. म्हणून पहिल्याच अर्जात नेमके मागावे आणि पहिल्याच उत्तरात मार्ग दाखवावा, यात दोघांचेही हित आहे.

जुन्या रजिस्टरातली ती ओळ कोणी तरी एका गुरुजींनीच, दौतीत टाक बुडवून, काळजीपूर्वक लिहिलेली असते. ती शोधून नातीच्या हाती देणे हेही शिक्षकाचेच काम आहे.