जुन्या पिकअपचा जीर्णोद्धार

‘जुने ते सोने’ असे आपण सहज म्हणून जातो. पण सोन्याला गंज चढत नाही आणि लोखंडाला चढतो, ही गोष्ट म्हणताना ध्यानात राहत नाही. जुने सोने पेटीत ठेवले की भागते. जुने लोखंड मात्र नुसते ठेवून दिले, तर काही पावसाळ्यांत त्याची माती होते. त्याला माणसाचा हात लागावा लागतो.

श्रोतेहो, आज अशाच एका लोखंडी वस्तूविषयी बोलायचे आहे. गावाकडे एखाद्या वाड्यामागे किंवा गोठ्याच्या आडोशाला जुनी पिकअप गाडी उभी असते. टायर बसलेले असतात, हौद्यात गवत उगवलेले असते. घरातल्या तरुण मुलाच्या मनात येते, ही आपणच घरी नीट केली तर? विचार चांगला आहे. तो पार कसा पाडावा, आणि गाडीत आपल्या आवडीचे बदल करायचे झाले तर कुठवर करावेत, एवढेच आज पाहू.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक गाडी डोळ्यांपुढे ठेवू. जीपच्या घराण्यातली ‘एफसी’ पिकअप. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. चालकाची बैठक इंजिनाच्या मागे नसून त्याच्या शेजारी, अगदी पुढे. अमेरिकेतील टोलेडो शहरच्या विलीज कंपनीने १९५७ सालच्या मॉडेलपासून एफसी-१५० ही गाडी विकायला काढली. ब्रुक्स स्टीव्हन्स या आराखडाकाराने तिचे रूप ठरवले. पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर अवघे ८१ इंच, म्हणजे लहान जीपएवढेच. पण चालक पुढे सरकल्यामुळे मागे हौद्याला भरपूर जागा मिळाली. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू केली होती. तिनेच १९६० च्या दशकात ही पिकअपही बनवायला घेतली. अमेरिकेत तिचे उत्पादन त्याच दशकाच्या मध्यावर थांबले; आपल्याकडे ते पुढेही बरीच वर्षे चालू राहिले.

घरी शिकायला ही गाडी चांगली, कारण तिच्यात लपवाछपवी नाही. चार सिलिंडरचे इंजिन, १३४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे २.२ लिटर. पेट्रोल आणि हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये, अशी तिची जुनी धाटणी. ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. संगणक नाही, सेन्सर नाही. पाने, पक्कड, साधा मीटर आणि मन शांत ठेवण्याची सवय एवढ्यावर हिचे बरेचसे दुखणे कळते.

आता कामाला कुठून सुरुवात करायची? पुष्कळांना वाटते, इंजिनापासून. मी म्हणेन, कागदापासून. नोंदणीचे पुस्तक आहे का? त्यावरचा चासीचा आणि इंजिनाचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का? नंबर खरवडलेला, घासलेला दिसला तर ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. कागदानंतर चासी. एक लहान हातोडी घ्या आणि चासीवर टोकापासून टोकापर्यंत हलकेच ठोकत जा. निरोगी लोखंड खणखणते, कुजलेले बद्द बोलते. पत्रा नवा घालता येतो, इंजिन नव्याने बांधता येते. पण चासीच जागोजागी कुजली असेल तर घरच्या अंगणात ते काम होणारे नव्हे.

दुसरी गोष्ट, घाईने किल्ली मारू नका. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात. एकदम स्टार्टर मारला की रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडे पडतात. आधी चारही प्लग काढावेत, प्रत्येक भोकात थोडे पातळ ऑइल सोडावे आणि एक-दोन दिवस तसेच राहू द्यावे. मग पान्याने किंवा हँडलने इंजिन हाताने फिरवून पाहावे. सहज फिरू लागले की प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. दाब कमी आला तर त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावा. आता दाब वाढला तर दोष बहुधा रिंगांचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे किंवा हेड गास्केटकडे पाहावे. चमचाभर ऑइलने केवढा निवाडा होतो, पाहा!

खोलताना प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्या. प्रत्येक बोल्ट कुठला, हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी त्याच पिशवीत टाका. खोलणे चार दिवसांत होते, जोडणी वर्षभर रेंगाळते, आणि वर्षापूर्वीचे काही आठवत नाही. आपल्याकडे अर्धवट खोलून पडलेल्या गाड्या आहेत, त्यांतल्या कितीतरी या चिठ्ठ्यांवाचून पडल्या आहेत.

शिक्षक मंडळींना आता एक गंमत सांगतो. गंज काढण्याचा एक उपाय म्हणजे शाळेतल्या रसायनशास्त्राचा जिवंत धडा आहे. प्लॅस्टिकचे टप घ्या, पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवा. चार लिटरला मोठा चमचाभर पुरतो. गंजलेला लोखंडी भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडा आणि भंगारातली लोखंडी पट्टी धन टोकाला. दोन्ही पाण्यात बुडलेली, पण एकमेकांना न लागणारी. काही तासांत गंज सैल होऊन काळा राप उरतो, तो ब्रशने निघतो. मुलांना विचारा, बुडबुडे कसले? गंजलेल्या भागाशी हायड्रोजन, पट्टीशी ऑक्सिजन. म्हणूनच हा उद्योग उघड्यावर करायचा, जवळ विस्तव नको, आणि हात घालण्यापूर्वी चार्जर बंद. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही घेऊ नये. तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. अॅल्युमिनियमचे भाग यात टाकू नयेत, आणि स्प्रिंगांसारखे कडक पोलादही नको, कारण हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. भाग बाहेर काढला की धुऊन, सुकवून लगेच प्रायमर लावावा. उशीर केला तर डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस छटा येते.

काही इशारे मात्र कानाला खडा लावून लक्षात ठेवावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, विटांवर तर मुळीच विसंबू नये. मजबूत लोखंडी स्टँड लावावेत आणि जमिनीवरच्या चाकांना ओटे द्यावेत. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण तिच्यात वाफ भरलेली असते. तिला घरी वेल्डिंग लावणे म्हणजे मृत्यूला आवतण. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या रंगात शिसे असू शकते, तो कोरडा घासू नका. आणि एफसीचे खास दुखणे असे की तिचे इंजिन चालकाच्या खोलीतच, झाकणाखाली असते. धुराच्या नळीचे गास्केट फुटले किंवा तळाचा पत्रा कुजला, तर विषारी धूर थेट आत येतो. त्याला वास असेलच असे नाही. म्हणून झाकणाची रबरे आणि तळाचा पत्रा यांची दुरुस्ती रंगाच्या आधी.

पेट्रोलचेही एक नवे प्रकरण आहे. आपल्या उसापासून, मक्यापासून आणि तांदळापासून होणारे इथेनॉल २०२५ पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाऊ लागले. ऊस पिकवणाऱ्याला हे चांगलेच. पण साठ वर्षांपूर्वीच्या गाडीची रबरे त्याकरता केलेली नाहीत. पेट्रोलच्या नळ्या, पंपातला पडदा, कार्ब्युरेटरची गास्केटे फुगतात, मऊ होतात, गळू लागतात. इथेनॉल पाणी ओढते आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. म्हणून ही रबरे इथेनॉल सोसणारी घालावीत आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बदल किती करावेत? आपल्या गावोगावच्या काळ्या पाषाणाच्या देवळांकडे पाहा. श्रद्धेने, वर्गणी काढून, कोरीव खांबांना आपण निळा-पिवळा ऑइलपेंट फासला. हेतू वाईट नव्हता. पण पाथरवटाची छिन्नी त्या रंगाखाली बुजली. जीर्णोद्धार आणि नवा थाट यांतला फरक जसा देवळाला, तसाच गाडीला लागू आहे. पेट्रोल महाग झाले तेव्हा कितीतरी जुन्या जीपांमध्ये डिझेल इंजिने बसवली गेली. ज्यांनी बसवली त्यांचे पोट त्या गाडीवर होते, त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण आज जो हौसेने चासी कापतो, छत उतरवतो, मागची चाके रुंद करतो, त्याने स्वतःला विचारावे, हे मला उद्या परत पहिल्यासारखे करता येईल का?

मला वाटते, हीच एक कसोटी पुरेशी आहे. जो बदल बोल्टने होतो आणि बोल्टने निघतो, तो करायला हरकत नसावी. बैठकीचे पट्टे, चांगले दिवे, वायरिंगला योग्य फ्यूज, हौद्यात नव्या लाकडी फळ्या, फाळक्याला नवी साखळी, यांनी गाडी आपली होते आणि तिचे मूळही बुजत नाही. जिथे करवत आणि वेल्डिंग लागते तिथे थांबावे. या नियमाला एकच वजनदार अपवाद म्हणजे ब्रेक. जुन्या एकेरी ब्रेकच्या रचनेत एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. निदान नव्या नळ्या, नवे वॉशर, नवे लायनर आणि योग्य ब्रेक ऑइल यांत काटकसर नको. दुहेरी रचना करायची असेल तर जाणकार मिस्त्रीकडून, आणि परिवहन कार्यालयात आधी विचारून.

कारण कायद्याचाही यात शब्द आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितले. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी हवी. नव्या रंगाचीही नोंद पुस्तकात हवी. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात सांभाळलेली, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी त्यांत बसते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नोंदणी दहा वर्षांची मिळते. ती प्रदर्शनाला, मेळ्याला नेता येते. रोजच्या वापराला किंवा भाड्याला लावता येत नाही. तेव्हा गाडी कशासाठी हवी, बाजारच्या फेऱ्यांसाठी की जपणुकीसाठी, हे पहिला पाना लावण्याआधी ठरवावे. हौसेने कापलेल्या एका पट्टीपायी हा मान कायमचा हुकू शकतो.

शेवटची सूचना साधी आहे. या कामासाठी एक वही घाला. कोणता भाग कधी काढला, कुठला नवा घातला, काय बदलले आणि का बदलले, हे तारीखवार लिहा. मूळचे काढलेले भाग फेकू नका. ग्रीस लावून, कापडात गुंडाळून ठेवा. शाळेच्या मुलांना शनिवारी बोलवा, एखादा बोल्ट त्यांच्या हातून सोडवू द्या, एखादी नोंद त्यांच्याकडून लिहवून घ्या. ही गाडी आपल्याआधी कुणाची तरी होती आणि आपल्यानंतरही कुणाची तरी होणार आहे. त्या माणसाने झाकण उचलले, तर आत काय केले आहे हे त्याला आपल्या वहीवरून कळले पाहिजे.