वारा कुणाच्या बाजूचा? बायोसेफ्टी कॅबिनेट घेताना आणि सांभाळताना

आजचा विषय आहे लॅबमधलं ते काचेच्या शटरचं स्टीलचं कपाट. बायोसेफ्टी कॅबिनेट, आपल्या बोलण्यात बीएससी. युरोपात याला मायक्रोबायोलॉजिकल सेफ्टी कॅबिनेट म्हणतात, वस्तू तीच. तुमच्यापैकी जे डीएमएलटी किंवा एमएस्सी मायक्रो करताय, ते उद्या यासमोर दिवसाचे चार-पाच तास बसणार आहात. मी टीबी कल्चरचं काम करतो, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच देणार.

आधी एक गोंधळ मिटवू. कॉलेजात आपण सरसकट सगळ्यालाच 'लॅमिनार' म्हणतो. पण लॅमिनार आणि बीएससी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक फुप्फुसाच्या किमतीचा आहे. लॅमिनारमध्ये फिल्टरमधून आलेली स्वच्छ हवा नमुन्यावरून जाते आणि थेट तुमच्या अंगावर येते. मीडिया ओतायला, झाडांच्या टिश्यू कल्चरला एकदम मस्त. पण तिथे टीबी पेशंटची थुंकी उघडलीत तर पंखा लावून जंतू स्वतःच्या तोंडावर घेतल्यासारखं आहे. बीएससीत पुढच्या जाळीतून हवा आत खेचली जाते, म्हणजे तुमचं रक्षण. वरून फिल्टर केलेली हवा खाली येते, म्हणजे नमुन्याचं रक्षण. आणि बाहेर जाणारी हवा पुन्हा हेपा फिल्टरमधून जाते, म्हणजे बाकी सगळ्यांचं. हे तिन्ही करतं ते क्लास २ कॅबिनेट. क्लास १ नमुन्याला वाचवत नाही. क्लास ३ म्हणजे हातमोजे बसवलेली पूर्ण बंद पेटी, ती अतिघातक विषाणूंसाठी. आपल्यातल्या बहुतेकांचा संबंध क्लास २ शीच येणार.

एवढी काळजी कशाला, असं वाटेल. पाइक आणि सल्किन या अमेरिकन संशोधकांनी १९३० ते १९७८ या काळातले लॅबमध्ये झालेले ४,०७९ संसर्ग नोंदवले. त्यात १६८ जण दगावले. आणि सुई टोचली, बाटली फुटली अशा माहीत असलेल्या अपघाताशी जोडता आलेले संसर्ग २० टक्क्यांहूनही कमी निघाले. बाकीच्यांना कधी लागण झाली ते कळलंच नाही. व्हॉर्टेक्स केलं, ट्यूबचं झाकण उघडलं, पिपेटमधला शेवटचा थेंब जोरात ढकलला, की १ ते ५ मायक्रॉनचे कण उडतात. ते दिसत नाहीत, वास येत नाही.

आता खरेदी. टीबीच्या कामाला क्लास २ मधला टाइप ए२ पुरतो. त्यात साधारण ७० टक्के हवा फिल्टर होऊन आतच फिरते आणि ३० टक्के बाहेर पडते. बी२ नावाचा प्रकार सगळीच हवा डक्टने बाहेर टाकतो. 'हे जास्त सेफ' म्हणून विकणारे भेटतील. पण बी२ हवं असतं जिथे जंतूंबरोबर विषारी, उडून जाणारी रसायनं वापरायची असतात. कारण हेपा कण अडवतो, वाफ अडवत नाही. बी२ ला वेगळा एक्झॉस्ट लागतो, आणि खोलीतली एसीची थंड हवा तो दिवसभर बाहेर फेकत राहतो. गरज नसताना घेऊ नका. आणि हो, ऑर्डर देण्याआधी लॅबचं दार आणि लिफ्ट मोजा. हसू नका, चार फुटी कॅबिनेट पॅकिंगसकट चांगलंच मोठं असतं.

टेंडरमध्ये सगळ्यात कमी भाव वाला निवडला जातो, हे आपल्याकडचं वास्तव आहे. मग तुमच्या हातात काय? तुम्ही अटी लिहू शकता. बसवल्यावर जागेवरच टेस्टिंग करून द्यावं लागेल, हे लिहा. फिल्टरचा भाव आजच लेखी घ्या. वर्षाच्या सर्टिफिकेशनला कोण येणार आणि किती पैसे घेणार, तेही. कंपनीच्या फॅक्टरीतलं प्रमाणपत्र तुमच्या खोलीत चालत नाही, कारण ट्रकमधून येताना फिल्टरची कड सैल होऊ शकते.

जागेचं म्हणाल तर, आत खेचल्या जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर असतो. माणूस साधं चालतो तेव्हा त्याचा वेग याच्या दुप्पट असतो. म्हणजे तुमच्या पाठीमागून कुणी झपझप गेलं तरी हा हवेचा पडदा फाटू शकतो. म्हणून दाराजवळ नको, एसीच्या झोतात नको, आणि सीलिंग फॅन तर बंदच. मागे आणि बाजूंना शक्यतो ३० सेंटीमीटर जागा सोडा. वरती ३० ते ३५. त्या मोकळ्या जागेत रजिस्टरं आणि खोके रचले जातात, ते उतरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सर्टिफिकेशन. वर्षातून एकदा, शिवाय कॅबिनेट हलवलं की आणि फिल्टर बदलला की. यात काय होतं ते माहीत हवं, नाहीतर इंजिनिअर येतो, दोन बटणं दाबतो, स्टिकर लावतो आणि चहा पिऊन जातो. वरून येणाऱ्या आणि आत जाणाऱ्या हवेचा वेग मोजायला हवा. फिल्टरच्या एका बाजूला तेलाचं बारीक धुकं सोडून दुसऱ्या बाजूला फोटोमीटर फिरवायला हवा, गळती ०.०१ टक्क्याच्या वर गेली की फेल. धूर सोडून तो आतच जातोय हे दाखवायला हवं. आणि त्या मीटरचं स्वतःचं कॅलिब्रेशन कधीचं, हेही विचारा. कोविडच्या काळात गावोगावी आरटी-पीसीआर लॅब उभ्या राहिल्या, कॅबिनेटं आली. ती अजून चालू आहेत. त्यांच्यावरच्या स्टिकरची तारीख बघा.

ज्युनिअर मुलगी एचओडींना 'सर, सर्टिफिकेट कधीचं आहे?' असं कसं विचारणार, हा खरा प्रश्न आहे. मी सांगतो ती युक्ती. 'सर, रजिस्टरमध्ये पुढच्या टेस्टिंगची तारीख लिहायची आहे, काय टाकू?' असं विचारा. काम होतं.

डब्ल्यूएचओच्या २०१२ च्या टीबी लॅब मॅन्युअलप्रमाणे, फक्त थुंकीचे स्मिअर करणाऱ्या छोट्या लॅबमध्ये हवा नीट खेळत असेल तर उघड्या टेबलावरही काम चालतं. त्यामुळे कॅबिनेट नाही म्हणून घाबरू नका. मला जास्त भीती वाटते ती चार वर्षं न तपासलेल्या कॅबिनेटची. तिथे माणूस निर्धास्त असतो.

रोजचं काम थोडक्यात. सुरू करून ५ मिनिटं थांबा. हात आत घातल्यावर मिनिटभर थांबा. पुढच्या जाळीवर वही, टिश्यू, कोपर काहीही ठेवू नका. स्वच्छ वस्तू एका बाजूला, वापरलेल्या दुसऱ्या बाजूला. बर्नर आत नको, त्याच्या गरम हवेने प्रवाह बिघडतो आणि फिल्टरलाही धोका. ब्लीचने पुसलं तर नंतर निर्जंतुक पाण्याने पुसा, नाहीतर स्टील खातं. आणि त्या निळ्या यूव्ही लाइटवर फार श्रद्धा नको. सावलीत आणि धुळीखाली ती पोचत नाही, वर डोळ्यांना आणि कातडीला इजा. पुसणं तिने टळत नाही.

काम चालू असताना लाइट गेली तर? नमुन्यांची झाकणं लावा, हात सावकाश बाहेर काढा, शटर खाली घ्या, बाजूला व्हा. लाइट आल्यावर लगेच बसायचं नाही, पुन्हा ५ मिनिटं चालू ठेवायचं. ब्लोअरला यूपीएस जोडता आला तर उत्तम, आणि यूपीएस झेपेल का ते खरेदीच्या वेळीच विचारून घ्या.

तुमच्या लॅबमधल्या स्टिकरवर काय तारीख निघाली, ते व्हॉइस नोटवर सांगा. लॅबचं नाव नका घेऊ, तारीख पुरे. भेटू पुढच्या भागात.