वारसा हृदयविकाराचा, तपासणी तरुणांची



घरातील कर्ता पुरुष पंचेचाळिशीत हृदयविकाराने गेला, की तेराव्यानंतर चर्चा होते ती विम्याची, नोकरीची आणि मुलांच्या शिक्षणाची. त्याच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींचे रक्त तपासावे, असे सहसा कोणी सुचवीत नाही. वस्तुतः निकड त्याचीच अधिक असते.

वडील वा भाऊ यांना पंचावन्नच्या आत, आई वा बहीण यांना पासष्टच्या आत हा विकार जडला, तर वैद्यकशास्त्र त्यास ‘अकाली’ म्हणते. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासाच्या २००७ च्या विश्लेषणात पहिल्या झटक्याचे सरासरी वय इतरत्र सुमारे ५९, तर दक्षिण आशियात ५३ आढळले.

रक्तातील एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल यकृत आपल्या पेशींवरील ग्राहकांद्वारे शोषून घेते. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी ही यंत्रणा उलगडली व १९८५ चे नोबेल मिळविले. काही घराण्यांत तिच्या जनुकातच दोष असतो. सुमारे अडीचशे-तीनशे व्यक्तींमागे एकात तो आढळतो आणि अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी हा भेद तेथे नाही. अशा व्यक्तीचे एलडीएल जन्मापासूनच चढे राहते. मुलगा सडपातळ आहे, रोज मैदानावर धावतो, त्याला कसले कोलेस्टेरॉल, हा घरोघरीचा युक्तिवाद येथे निरुपयोगी ठरतो. एलडीएल १९० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर या दोषाचा संशय घ्यावाच लागतो. आणि तेथे केवळ तूप वर्ज्य करून भागत नाही, औषध लागते. लायपोप्रोटीन(ए) हा घटकही आनुवंशिकच. आहाराने तो फारसा हटत नाही. मात्र आयुष्यात एकदा मोजला तरी बहुधा पुरते.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षी, आणि असा कुलवृत्तांत असल्यास त्याहूनही आधी व्हावी. त्यासाठी उपाशी राहण्याचीही सक्ती आता उरलेली नाही; ट्रायग्लिसराइड फारच वाढलेले दिसले, तरच उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यावे.

मुलीच्या बाबतीत मात्र पाऊल अडखळते. अहवालात काही निघाले तर स्थळे परततील, ही धास्ती. ती समजण्याजोगी आहे, क्षम्य नव्हे. स्टॅटिन गटातील औषधे गरोदरपणात सामान्यतः थांबवितात; म्हणजे तिच्या बाबतीत विवाहापूर्वीच निदान होणे अधिक सोयीचे. एका भावंडात दोष सापडला, की उरलेल्या भावंडांची आणि चुलत-आत्तेभावंडांचीही तपासणी करावी. त्यासाठी काकांना फोन करण्यात संकोच नसावा.